सुकेळीच्या ताटीवरची रेकॉर्ड

आधी माफी मागून घेतो. आत्मकथन लिहावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही आणि वयही झालेलं नाही; आत्ता कुठे तिशी ओलांडली आहे. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. रेशनकार्डावर नाव चढवायचा अर्ज, विजेचा मीटर बदलून मिळण्याचा अर्ज. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला, म्हणून गावातले लोकही माझ्याकडे तेच काम घेऊन यायचे आणि मी 'विनंती की' अशी सुरुवात करून पान भरून द्यायचो. हे लिहितानाही हात सारखा तिकडेच वळतो आहे. हे ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांच्यापैकी माझे वडील गेले. आणि दुसऱ्या एक बाई, त्यांना तेव्हाही बोलता येत नव्हतं. आय आहे, पण ती म्हणते, "मला काय इचारतोस, तुला आठवतं तेच लिव." तेव्हा आठवतं तसं लिहितो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

आमचं घर चांदीपला, गावाच्या टोकाला, जिथून पुढे भाताची खाचरं सुरू होतात. पुढची खोली कौलांची, मागची पडवी पत्र्याची. माझ्या कॉलेजच्या वर्षांत त्या घरात दोन आवाज कायम असायचे. एक बाबांच्या छातीचा. श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजायची आणि सोडताना कुणीतरी ओली वाळू चाळत असल्यासारखं व्हायचं. दुसरा आवाज पडवीतल्या ओव्हनच्या पंख्याचा, एकसुरी घुं घुं. मी पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो तेव्हा हे दोन्ही आवाज भिंतीपलीकडून यायचे आणि दोन्ही चालू आहेत तोवर सगळं ठीक आहे असं मला वाटायचं. आता चंदनसारला राहतो. शेजारच्या घरातल्या मिक्सरपासून लिफ्टपर्यंत सगळं ऐकू येतं, पण अभ्यासाला बसावं असा एकही आवाज नाही.

बाबा सातिवलीला एका प्लास्टिकच्या युनिटमध्ये होते. बादल्यांची झाकणं, पाइपांचे कोपरे, असला माल. प्लास्टिकचा दाणा मशीनमध्ये घालण्याआधी सुकवून घ्यावा लागतो. ओल राहिली तर मालावर चट्टे उठतात. दाणा सुकवायचा ओव्हन बाबांच्या ताब्यात असायचा. माणसाच्या छातीइतका उंच, आत जाळीचे ट्रे, बाहेर उष्णतेचं बटण. मशीन मध्येच अडकलं की आतला माल जळायचा आणि धूर व्हायचा. खिडक्या होत्या, पण पाऊस आत येऊ नये म्हणून त्यांवर पत्रे ठोकलेले. बाबा त्या धुराबद्दल म्हणायचे, "धूर नाय तो, पगार हाय." पुढे छातीने काम सोडलं तेव्हा मालकाने त्यांना घरी बसायला सांगितलं. त्याच सुमाराला तो जुना ओव्हन भंगारात निघाला होता. बाबांनी मागितला, मालकाने देऊन टाकला. टेम्पोतून तो उतरवताना आय दारात उभी होती. ती एवढंच बोलली, "चांगला सौदा केला त्यांनी. मानूस घेतला नि पेटी दिली."

सुरुवातीला त्या पेटीत आय पावसाळ्यात पापड आणि जवळा सुकवायची. दिवसभर घरात जवळ्याचा वास. संध्याकाळी तोच जवळा कांदा आणि कोकम घालून तव्यावर यायचा, सोबत तांदळाची भाकरी. बाबा चार घास खाऊन थांबायचे, कारण पोट भरलं की श्वास घ्यायला जागा उरत नाही असं ते म्हणत. मला वाटतं, त्या दिवसांत त्यांना भूक लागायची, पण ती ते कुणाला कळू देत नसत.

रेकॉर्डचं काम घरात आलं ते व्हिक्टरमुळे. व्हिक्टर माझ्या वर्गात होता, वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातला, केळीच्या वाडीवाल्या घरातला. सुट्टीच्या दिवशी तो मुंबईला जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एका दुकानात काम करायचा. लोक पुन्हा रेकॉर्ड घ्यायला लागले होते आणि माळ्यावर, गाडीत, पत्र्याखाली पडून वाकड्या झालेल्या रेकॉर्ड दुकानात ढिगाने यायच्या. एक दिवस त्याने पिशवीतून एक काढून दाखवली. तिची कड पुरीसारखी फुगलेली. बाबांनी ती हातात घेतली, नखाने टिचकी मारली, वास घेतला.

"हा तर आपलाच माल हाय," ते म्हणाले. "पीव्हीसी. नुसता काळा रंग मारलाय."

"सरळ होईल का, काका?"

"वाकडी कशाने झाली?"

"उन्हाने."

"मंग सरळ पन गरमीनेच होईल. आनखी कशाने होनार?"

पण पहिल्या रेकॉर्डचं त्यांनी पार वाटोळं केलं. उष्णता जास्त झाली, रेकॉर्ड आक्रसली, मधलं भोक लांबट झालं आणि कडेला कुरडईसारख्या लाटा आल्या. दुसरीचा कागदी बिल्ला ओला राहिला होता, तो फोडासारखा फुगला. बाबांना युनिटमधली सवय होती: माल वितळला पाहिजे, साच्यात गेला पाहिजे. इथे वितळायला नको होता, मऊ व्हायला हवा होता. तो फरक त्यांच्या हाताला सापडत नव्हता. सापडला तो आयमुळे. आय गावात बाळंतिणींना शेक द्यायला जायची. खाटेखाली शेगडी, शेगडीत निखारे, वर राख, त्यावर ओवा. बाळाला कपड्याचा बोळा गरम करून शेकायचा आणि आधी तो स्वतःच्या गालाला लावून बघायचा. ती बाबांना म्हणाली, "तुमी भाजताय. शेकनं येगळं नि भाजनं येगळं."

तेव्हापासून आमच्या घरात 'शेकणे' हाच शब्द रूढ झाला. रेकॉर्ड आधी पाण्याने धुवायची, मऊ फडक्याने पुसायची, पूर्ण कोरडी करायची, कारण धुळीचा कण राहिला तर तोही आत दाबला जातो. मग जाड काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवायची. थंड ओव्हनमध्येच ठेवून गरमी हळूहळू चढवायची, साठ अंशांच्या बरीच अलीकडे थांबवायची. बटणावरच्या आकड्यांवर विश्वास नाही, म्हणून आत वेगळा तापमापक. वरच्या काचेचं वजन पुरेसं, हाताने दाबायचं नाही. मग बटण बंद करायचं आणि दार उघडायचंच नाही. आतल्या आत निवू द्यायचं. बाबांना हे शेवटचं जमायचं नाही. ते सारखे दाराशी जायचे. आय स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाळंतिनीच्या खोलीचं दार कोन असं सारखं उघडतं काय?" बाबा हात मागे घ्यायचे आणि हसता हसता खोकायला लागायचे.

काम येत राहिलं. बाबा काच उचलून रेकॉर्ड सपाट पृष्ठभागावर ठेवत, मागे बल्ब धरत, आणि खालून उजेडाची रेघ दिसते का ते बघत. रेघ दिसली नाही की झालं. आमच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. इतक्या रेकॉर्ड त्या घरातून सरळ होऊन गेल्या, पण आम्ही एकही ऐकली नाही. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नव्हतं. आता वाटतं.

इनाससर आमच्या घरी आले ते पूर येऊन गेल्यानंतर. ते मला शाळेत मराठी शिकवायचे. 'विनंती की' हे शब्द त्यांनीच शिकवलेले. व्हिक्टरचे ते सख्खे काका. निवृत्त झाले होते. पुरात त्यांच्या घरात कमरेइतकं पाणी आलं होतं आणि कपाटाचे खालचे दोन खण बुडाले होते. रिक्षातून उतरताना त्यांच्या हातात चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. पडवीत बसून त्यांनी ते सोडलं. आतल्या रेकॉर्डना तसा बाक मी आधी पाहिला नव्हता. पन्हळी पत्र्यासारख्या, एकाआड एक खाच, उंचवटा, खाच.

"ह्या कशावर वाळवल्या, सर?" बाबांनी विचारलं.

सर थोडे ओशाळले. "आमच्या मंडळींनी. पाणी ओसरल्यावर कडक ऊन पडलं ना, तेव्हा. सुकेळीच्या ताट्या रिकाम्या पडल्या होत्या, त्यावर मांडल्या."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वसईच्या वाड्यांमध्ये राजेळी केळी सोलून बांबूच्या ताट्यांवर कडक उन्हात वाळवतात, ती सुकेळी. ज्या बाईने आयुष्यभर ओली वस्तू ताटीवर टाकून टिकाऊ केली, तिने ओल्या रेकॉर्डही ताटीवर टाकल्या. रेकॉर्ड मऊ झाल्या, बांबूंच्या मध्ये झोळल्या, आणि संध्याकाळी गार होऊन तशाच राहिल्या.

बाबा हसायला लागले. "दिवसातून एकदा उलटल्या पन असतील."

"उलटल्या," सर गंभीरपणे म्हणाले. "दोन्ही बाजूंनी नीट सुकाव्यात म्हणून." मग त्यांनाही हसू आलं, आणि पुढे त्या घरात हसण्याचं निमित्त झालं नाही, म्हणून मला ते हसू आठवतं.

हसणं थांबल्यावर सरांनी एक रेकॉर्ड वेगळी काढली. साधी, पांढऱ्या बिल्ल्याची. फार वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या गायकवृंदाला एका फादरांनी मुंबईला नेऊन गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली होती. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळातली गीतं. थोड्याच प्रती निघाल्या, त्या कुठे कुठे गेल्या, ही उरली. तिच्यात एका गीतात बाकीचे सगळे थांबतात आणि एकट्या बाईचा आवाज येतो. क्रुसाखाली उभ्या मरियेचा, येशूच्या आईचा, विलाप. तो आवाज आग्नेसबाईंचा, सरांच्या बायकोचा.

"तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, ठाऊक असेल तुला," सर माझ्याकडे बघत म्हणाले. "स्वरयंत्र काढून टाकलं. दोन वर्षं होतील आता. श्वासाला गळ्यात भोक आहे. आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही." मग ते बाबांकडे वळले. "ती घरात चालते, भांडी लावते, मला हाक मारायची तर टाळी वाजवते. दामूभाऊ, चाळीस वर्षं ज्या घरात ती गुणगुणत होती, तिथे मी पंख्याचा आवाज ऐकत झोपतो. बाकीच्या गेल्या तरी चालतील. ही एक सरळ करून द्या."

बाबा म्हणाले, "ही शेवटाला करू. आधी दुसऱ्यांवर हात बसवतो."

बाकीच्या रेकॉर्डवर दोन आठवडे गेले असतील. खाचा एका फेरीत जात नव्हत्या. जास्त गरमी दिली तर आवाजाच्या बारीक रेघा मरतील, म्हणून थोडी गरमी, पूर्ण निवणं, पुन्हा थोडी गरमी. बाबा रोज ओव्हनसमोर स्टुलावर बसत. त्या दिवसांत त्यांची शिट्टी वाढली होती, पण चेहऱ्यावर युनिटमध्ये पाळीवर निघालेल्या माणसाचा भाव असायचा. झालेल्या रेकॉर्ड घेऊन मी सरांच्या घरी गेलो.

सर वाडीत पाणी सोडायला गेले होते. आग्नेसबाई ओट्यावर केळफूल साफ करत होत्या. गळ्याशी पांढरं फडकं बांधलेलं, त्याच्या आड श्वास आत-बाहेर होताना फडकं हलायचं. त्यांनी खुणेने बसवलं, पाणी दिलं, मग ताटात भात आणि वाटीत आंबट तिखट मटण आणून ठेवलं, आणि मी नको म्हणताच ताट थोडं आणखी पुढे ढकललं. जेवता जेवता मी सांगितलं की रेकॉर्ड छान सरळ झाल्यात आणि ती शेवटचीही होईल. मला वाटलं त्या खूश होतील. त्यांनी केळफूल बाजूला ठेवलं, हात पुसले, आणि खिळ्याला टांगलेली पाटी घेतली. शाळेची, लाकडी चौकटीची. खडूने लिहिलं:

'ती नको.'

मला नीट कळलं नाही. मी विचारलं, "म्हणजे, तुम्ही मुद्दाम ताटीवर ठेवली होती?"

त्या हसल्या. तोंड हसलं, खांदे हलले, आवाज नाही. मान हलवून नाही म्हणाल्या. कपाळावर हात मारून दाखवला, म्हणजे तो मूर्खपणाच होता. मग पाटी पुसून लिहिलं, 'पण गेली ते बरं.' पुन्हा पुसून, 'ते सगळ्यांना बोलावतील. जुनी मंडळी. अंगणात खुर्च्या.' खडू थोडा वेळ हवेत राहिला. मग शेवटचं लिहिलं: 'मी समोर बसायचं?'

त्यांनी पाटीवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, पुसून टाकलं आणि लिहिलं, 'फुटली म्हण.' एवढ्यात वाडीतून सरांची चाहूल आली. पाटी कोरी झाली. सर हातपाय धुऊन आले, रेकॉर्ड एकेक काढून डोळ्यांसमोर आडव्या धरून बघितल्या आणि बायकोला म्हणाले, "बघितलंस? तुझीही होणार." बाई ताट उचलून आत गेल्या.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. बाबांनी हातातली काच खाली ठेवली. मग म्हणाले, "मी आजवर कुनाचा माल मुद्दाम खराब केला नाय. मशीनने केला, मालकाने केला, मी नाय केला. फुटली म्हनून कसं सांगू?"

"पण ती त्यांना नकोय, बाबा."

"आनली कोनी? सरांनी. ज्याने आनली त्याला परत."

आय तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "सरांनी काय आनलं? नुसती रेकॉर्ड. आतला आवाज कुनाचा?"

"तू मधी पडू नको."

"मी बाळंतिनीला शेक देते तवा सासूला नाय इचारत गरम लागतं काय म्हनून. जिला लागतो तिलाच इचारते."

मी सरांचा विद्यार्थी. चार माणसांत उभा राहून बोलायला त्यांनी मला शिकवलं होतं आणि त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं असेल तर काय करायचं हे शिकवलं नव्हतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करत राहिलो. सर चुकीचे होते असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. आवाज नसलेल्या घरात राहणं काय असतं हे मला नंतर कळलं. पण पाटीवरचं ते वाक्य डोळ्यांपुढून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ती रेकॉर्ड धुतली. आम्ही दोघं बघत राहिलो. त्यांनी ती इतक्या हळूहळू शेकली की इतर रेकॉर्डला लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला. एकदाही दार उघडलं नाही. शेवटच्या फेरीनंतर काच उचलली, बल्ब लावला, रेकॉर्ड फिरवून फिरवून बघितली. खालून उजेडाची रेघ नव्हती. इतकी सरळ रेकॉर्ड त्या घरातून आधी गेली नव्हती. ती कापडात गुंडाळून ते म्हणाले, "रिक्षा बोलाव. आपन तिघं जाऊ."

शनिवार होता. सरांनी रविवारी जुन्या मंडळींना बोलावलं होतं. अंगणात एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवलेल्या. रेकॉर्ड वाजवायचं जुनं यंत्र पुसून ओसरीवर मांडलेलं. बाबा रिक्षातून उतरून पायरीवर बसले, कारण त्यांना तेवढंही चालवेना. सर लगबगीने आले. "झाली? आणा, आणा."

बाबांनी पुडकं दिलं नाही. "बाई कुठं हायत?"

आग्नेसबाई दारात आल्या. बाबा कसेबसे उभे राहिले आणि ती रेकॉर्ड दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

"सर, राग नका मानू," ते श्वास घेत घेत म्हणाले. "सरळ झालीय. पन ही बाईंची हाय. त्या सांगतील तसं."

सर आधी हसले, थट्टा समजून. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दिनेश, तू काय सांगितलंस यांना?"

"बाईंना विचारा, सर," मी म्हणालो. एवढं तरी मला बोलता आलं, याचं समाधान आहे.

सरांनी बाईंना त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी विचारलं. मला शब्द नीट कळले नाहीत. पण चाळीस वर्षं सोबत राहिलेल्या नवऱ्याने विचारावं तसं हळू विचारलं होतं. बाईंनी पुडकं छातीशी धरलं होतं. त्यांनी मान हलवली. नाही. सरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मग सर म्हणाले, आता साध्या मराठीत, बहुधा आम्हालाही ऐकू यावं म्हणून, "मला एकदाच ऐकायचा होता गं." आणि वाडीत निघून गेले. केळीच्या पानांमध्ये त्यांचा पांढरा सदरा बराच वेळ दिसत होता. बाई आत गेल्या, पेटीचं झाकण उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी आयचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आम्ही चहा न घेता निघालो. व्हिक्टरने नंतर सांगितलं की खुर्च्या त्याच संध्याकाळी परत गेल्या आणि लोकांना बाईंची तब्येत बरी नाही म्हणून कळवलं.

त्यानंतर सर माझ्याशी बोलले नाहीत. पदवीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, त्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, आणि वर्तमानपत्र उघडलं. बाबा त्याच वर्षी गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना बसूनच झोपावं लागे आणि शिट्टी इतकी वाढली होती की शेजारचे चौकशी करत. ती थांबली तेव्हा आयने आधी दार उघडून बाहेर पाहिलं, जणू कुणी काहीतरी बंद करून निघून गेलं होतं. ओव्हन भंगारवाल्याने नेला. व्हिक्टर आखाती देशात गेला, मी पतपेढीत लागलो, आयला चंदनसारला आणली. सरांच्या घराकडची वाट मोडली. मधल्या काळात मी त्या निर्णयाचा पुष्कळ विचार केला. कधी वाटायचं, आम्ही एका म्हाताऱ्या माणसाकडून त्याची शेवटची गोष्ट काढून घेतली. कधी वाटायचं, ती त्याची नव्हतीच. आयला विचारलं तर ती म्हणायची, "झालं ना आता." मला एवढंच वाटायचं की ती रेकॉर्ड पेटीत गेली आणि तिथेच राहिली, बाबांनी जीव ओतून सरळ केलेली वस्तू कुणाच्या कानाला लागली नाही.

परवा व्हिक्टरचा फोन आला. तो सुट्टीवर आला आहे. आग्नेसबाई पावसाळ्यातच गेल्या होत्या. मला कुणी कळवलं नव्हतं आणि कळवायचं कारणही नव्हतं. महिन्याची मिस्सा, म्हणजे गेलेल्यासाठी चर्चमध्ये होणारी प्रार्थना, झाल्यावर सरांनी पेटी उघडली. रेकॉर्ड तशीच होती, बाबांच्याच कापडात. सरांनी गायकवृंदातले जे कोण हयात आहेत त्यांना बोलावलं, अंगणात खुर्च्या मांडल्या, आणि स्वतःच्या हाताने सुई ठेवली.

"अरे, एकदम सरळ फिरत होती," व्हिक्टर म्हणाला. "तुझ्या बाबांनी काय काम केलं होतं. सुरुवातीला सगळ्यांचे आवाज इतके क्लिअर, म्हातारे रडायला लागले. मग विलापाचं गाणं आलं. सगळे थांबतात ना, आणि मग आंटी."

"मग?"

"मग काही नाही. नुसती खरखर. तेवढाच भाग. मी जवळ जाऊन बघितलं, तेवढा पट्टा पांढरा पडलाय, घासून घासून. सुई जुनी होती ना घरातली. शेजारीण म्हणते, अंकल सकाळी मिस्सेला गेले की आंटी रोज वाजवायची, दार लावून. बाकीचं गाणं नाही, फक्त तेवढंच. सुई उचलायची, परत तिथेच ठेवायची." मग म्हणाला, "खरखर संपली आणि परत सगळ्यांचे आवाज आले, एकदम स्वच्छ. अंकलनी ते गाणं पूर्ण होऊ दिलं. मग उठले आणि म्हणाले, जेवून जा सगळे."